टॉयलेटच्या टाकीवरचं खोबरेल

रविवारी सकाळी बारमध्ये मी एकटाच असतो. खुर्च्या टेबलांवर पालथ्या, एसी बंद, आणि आदल्या रात्रीच्या सांडलेल्या बिअरचा आंबूस वास. एक्साइजच्या रजिस्टरशी बाटल्या जुळवायचं काम बाबांनी कधी मॅनेजरवर सोपवलं नाही, मीही सोपवत नाही. 2024 च्या दिवाळीनंतर या जुळवाजुळवीत काहीतरी खटकायला लागलं. शनिवारी आत उभं राहायला जागा नसायची आणि विक्री मात्र मंगळवारसारखी. वाढलं होतं ते फक्त पाणी. एक बिल मी बाजूला काढून ठेवलं होतं: माणसं चार, वेळ चार तास, बिअर तीन, मसाला पापड एक, पाण्याच्या बाटल्या अकरा. पापडही अर्धा परत आला होता.

नाशकात आमची परमिट रूम बाबांच्या काळापासून आहे. मी ती हातात घेतल्यावर भिंती काळ्या केल्या, निऑनचा बोर्ड लावला, स्पीकर वाढवले. आता लोक तिला पब म्हणतात. बाबा अजूनही ‘दुकान’च म्हणतात. त्यांच्या वेळचं गिऱ्हाईक क्वार्टर मागवायचं, शेंगदाणे संपवायचं, दुसऱ्यांदा चखणा फुकट मागायचं, भांडायचं आणि घरी जायचं. दारू पिणारा माणूस कसा वागतो हे मला लहानपणापासून पाठ आहे. हे चौघे तसे वागत नव्हते. डोळे टक्क उघडे, जबडा सतत हलता, एकमेकांच्या गळ्यात पडून ‘भाई, तू आपला माणूस आहेस’ चाललेलं, आणि तेही एका बिअरवर.

मला तरी हे सगळं नंतर सुचलं. आधी कळलं ते मावशींना.

आमच्या सफाईवाल्या मावशी सकाळी आठला येतात. एक दिवस त्यांनी काउंटरवर वर्तमानपत्राचा तुकडा उलगडला. आत चार-पाच चिमुकल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. इमिटेशनच्या दुकानात कानातल्यांना देतात तसल्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या, वर दाबून बंद करायची पट्टी.

‘‘कुठं सापडल्या?’’

‘‘पुरुषांच्या संडासात. टाकीच्या मागं खोचल्या होत्या.’’

‘‘गुटख्याच्या असतील.’’

‘‘दादा, गुटख्याला वास असतोय.’’

महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण गुटख्याबाबत मावशींच्या केरसुणीइतका अनुभव कुणाच्याच गाठीशी नसेल. मी गप्प बसलो. एका पिशवीच्या कोपऱ्यात मिठासारखे दोन-चार पांढुरके खडे होते. मी ती पिशवी उचलली आणि काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, सुट्ट्या पैशांच्या डब्याशेजारी ठेवून दिली. पुरावा म्हणून. त्या शहाणपणाबद्दल पुढे सांगतो.

ते खडे बघून डोक्यात आला तो एमडी हा नशेचा पदार्थ. एमडी म्हणजे काय हे नाशिककराला नव्याने सांगावं लागत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी इथल्याच शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला तेव्हा आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. मेफेड्रोन हे त्याचं खरं नाव, 2015 पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे. पुढे जून 2024 मध्ये पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका पबच्या टॉयलेटमधला व्हिडिओ फिरला आणि पुण्यातल्या बारवाल्यांच्या मागे सगळी खाती लागली. आमच्या धंद्यातल्या लोकांनी त्यातून एकच धडा घेतला. एका ज्येष्ठ बारमालकांनी तो मला चहा पाजून सांगितला: ‘‘टॉयलेटमध्ये काय चाललंय हे मालकाने बघायचंच नसतं. आपण दारू विकतो. बाकी आपल्याला काय माहीत?’’

बाबांचंही मत वेगळं नव्हतं. ‘‘मागच्या गल्लीत चिलीम ओढणारे माझ्या वेळीही होते. मी कधी मागचं दार उघडलं नाही.’’

मी उघडलं, आणि पहिल्याच फटक्यात तोंडावर आपटलो.

पुड्या सापडल्यानंतरच्याच शनिवारी बाउन्सरने सांगितलं की लेडीज टॉयलेटमध्ये दोन मुली एकाच दारामागे दहा मिनिटं आहेत. माझं डोकं आधीच फिरलेलं. बाउन्सरला दार वाजवायला लावलं, स्वतः पॅसेजमध्ये उभा राहून ‘‘बाहेर या, नाहीतर पोलिसांना बोलावतो’’ असं ओरडलो. दोघी बाहेर आल्या. एकीच्या कमरेला दुसरीचं जॅकेट बांधलेलं होतं आणि ती रडत होती. मैत्रिणीने माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, ‘‘काका, पॅड आहे का तुमच्या पबमध्ये? नाही ना?’’ नव्हतं. आजूबाजूची टेबलं आमच्याकडे बघत होती. मी सॉरी म्हणालो, बिल घेतलं नाही. त्यांनी घरी जाऊन जे काही लिहिलं त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून मी ते काढून टाकायची विनंतीसुद्धा केली नाही.

त्या रात्री मी आमच्या वकील काकांना फोन लावला. ते बाबांचे मित्र, लायसन्सची कामं तेच बघतात. ड्रॉवरमधली पिशवी मी मोठ्या अभिमानाने सांगितली. पलीकडे शांतता.

‘‘किती दिवस झाले?’’

‘‘पाच.’’

‘‘म्हणजे पाच दिवस ती तुझी पिशवी आहे. तुझ्या ड्रॉवरमधला माल तो तुझा माल, इतका सरळ कायदा आहे हा.’’

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून त्यांनी मला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 25 वाचून दाखवलं. जागेचा मालक किंवा ताबेदार जर जाणूनबुजून ती जागा अशा गुन्ह्यासाठी वापरू देत असेल, तर त्या गुन्ह्याला जी शिक्षा तीच त्यालाही. ‘‘सगळी गंमत ‘जाणूनबुजून’मध्ये आहे,’’ काका म्हणाले. मला हायसं वाटलं. म्हणजे ते चहावाले ज्येष्ठ बरोबरच होते, जाणलंच नाही तर प्रश्न मिटला. तर त्यांनी कलम 35 उघडलं. माहिती होती, हेतू होता, हे न्यायालय गृहीत धरून चालतं. नव्हतं हे सिद्ध करायचं ते आरोपीने. ‘‘म्हणजे तू डोळे मिटलेस तर मिटले होते हेही तुलाच दाखवायचंय. कसं दाखवणार?’’

आणखी दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. टॉयलेटच्या आत कॅमेरा अजिबात लावायचा नाही, तो आपल्याच डोक्यावर वेगळा गुन्हा. आणि बाउन्सरने कुणाचे खिसे तपासायचे नाहीत. अमली पदार्थांसाठी अंगझडती घ्यायची तर पोलिसांनासुद्धा त्या माणसाला आधी सांगावं लागतं, की तुझी झडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घेतली जावी असा तुझा हक्क आहे. आणि आमचा बाउन्सर बारावी नापास. यापुढे काही सापडलं तर हात लावायचा नाही, ते टॉयलेट कुलूप लावून बंद करायचं आणि 112 फिरवायचा. ड्रॉवरमधल्या पिशवीचं काय केलं ते काकांना आणि मला माहीत आहे, तेवढं पुरे.

पोलिसांकडे जायचं का, या प्रश्नावर मात्र मी कच खाल्ली. ‘‘आत्ता तुझ्याकडे नुसता संशय आहे,’’ काका म्हणाले, ‘‘पण लेखी देऊन ठेव.’’ मी ‘बघतो’ म्हणालो. अर्ज केला की एक्साइजला कळणार, एक्साइजला कळलं की गावाला कळणार. मी सोपा मार्ग धरला आणि सुतार बोलावला.

पावडर ओढायची तर आधी ती पसरायला सपाट जागा लागते, ती जागाच ठेवायची नाही असं ठरवलं. सुताराने आठवड्यात बरंच काही केलं. बेसिनशेजारचा काळा ग्रॅनाइटचा कट्टा, जो मी हौसेने बसवला होता, तो काढला. दारं खालून फूटभर कापली. आतला मंद पिवळा दिवा जाऊन दवाखान्यासारखा पांढरा आला. लेडीजमध्ये पॅडची पेटी लावली, ती मात्र माझ्या शरमेची भरपाई. उरल्या फ्लशच्या टाक्या. त्यांची झाकणं सपाट, आणि त्या बदलायच्या तर भिंत फोडावी लागणार.

शाळेतला एक मित्र इंग्लंडमध्ये लीड्सला असतो, शिकताना तिथल्या पबमध्ये काम केलेला. तो म्हणाला, ‘‘आमच्याकडे असल्या जागांवर तेलाचा फवारा मारायचे. पावडर ओली होते, कामातून जाते.’’ मशीनला मारायचं तेल टॉयलेटमध्ये कशाला, म्हणून मी मॅनेजरला खोबरेल आणायला लावलं. रोज संध्याकाळी सातला, उदबत्ती झाली की, टाक्यांच्या झाकणांना खोबरेल. बाबांनी एकदा बघितलं आणि विचारलं, ‘‘तीट पण लावणार का?’’

त्यानंतरचे दोन शनिवार शांत गेले. मला वाटलं, जिंकलो.

डिसेंबरच्या मधल्या शनिवारी, बाराच्या सुमारास, त्या चौघांतला एक जण पॅसेजमध्ये भिंतीला टेकून खाली बसला. बाहेर हुडहुडी भरवणारी थंडी आणि याचा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. दातांवर दात घासल्याचा आवाज ऐकू येत होता, खोबरं किसताना येतो तसा. आमची पोरं धावली. एकाने लिंबू आणलं, एकाने बूट हुंगवायला काढला. मी दोघांनाही मागे ढकललं, कारण जबडा असा बसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, एवढं मी त्या महिन्याभरात वाचलेलं होतं. संगीत बंद केलं, त्याला कुशीवर वळवलं, शर्टाची बटणं सोडून ओले नॅपकिन मानेवर आणि काखेत ठेवले.

त्याचे मित्र एव्हाना शुद्धीवर आल्यासारखे झाले होते. ‘‘काका, आम्ही नेतो ना गाडीतून. घरी सोडतो.’’ मी 108 लावला. ‘‘काका, केस होईल!’’ त्यातला एक अक्षरशः माझा हात धरून होता. मी म्हटलं, होऊ दे.

ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्यापैकी एकच चढला, आणि मी मागून गाडी घेऊन गेलो. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरबाई होत्या. ‘‘काय घेतलंय याने?’’ मित्र फरशीकडे बघत राहिला. ‘‘दारू,’’ तो म्हणाला. ‘‘किती?’’ ‘‘थोडीच.’’ डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी कलम 25 होतं, खोटं कशाला सांगू. मी काही बोललो नाही तर मला काहीच माहीत नव्हतं. बोललो तर मला माहीत होतं. काकांच्या ऑफिसात ज्या एका शब्दावर दोन तास गेले होते, तो शब्द आता त्या पोराच्या छातीच्या वेगाने धडधडत होता.

‘‘एमडी असणार,’’ मी म्हणालो. ‘‘बिअर एखादी. पाणी खूप प्यायलाय. दोन-तीन तासांत पुन्हा पुन्हा घेतलं असावं.’’

‘‘तुम्ही कोण?’’

‘‘बारचा मालक.’’

त्यांनी ते लिहून घेतलं, आणि नर्सला भराभर दोन-तीन गोष्टी सांगितल्या. मग कागदावर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, शिक्का मारला. पहाटे चारला पोराचे वडील आले. त्यांना मी ओळखत होतो, म्हणजे बाबा ओळखत होते; एकेकाळी कोपऱ्यातलं टेबल त्यांचं होतं. ते काही बोलले नाहीत. पोरगा वाचला, तिसऱ्या दिवशी घरी गेला.

सोमवारी सकाळी काकांना घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. आता ‘बघतो’ म्हणायला जागा नव्हती. अर्ज साधाच होता: अमुक तारखेपासून अमुक गोष्टी दिसल्या, आम्ही अमुक बदल केले, पॅसेजचं फुटेज देत आहोत, साध्या वेशातले पोलीस यावेत ही विनंती. काकांनी एकाच गोष्टीचा हट्ट धरला, पोच. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत हातात पडेपर्यंत ते बाकावरून उठले नाहीत. ‘‘बाकी सगळं विसर, हा कागद लॅमिनेट कर,’’ म्हणाले.

साहेब रागावतील, धमकावतील, अशी माझी तयारी होती. ते फक्त थकलेले दिसले. ‘‘विकतो कोण ते सांगा. पिणारे आम्हाला रोज भेटतात.’’ ते मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, पुढे काही कळलं आणि ठाण्यात येणं नको वाटलं तर 1933 वर सांगा, केंद्राची हेल्पलाइन आहे, नाव द्यावं लागत नाही.

फुटेज देण्याआधी मी ते स्वतः बघितलं. आमच्या डीव्हीआरमध्ये पंधराच दिवसांचं राहतं. पॅसेजचा कॅमेरा, आवाज नाही, दोन रात्री बसून बघितलं. चौघांतले दोघे आत जातात. मागोमाग आमचा एक वेटर ट्रे घेऊन येतो आणि दारापाशी थांबतो. तिसरं कुणी आलं की हात हलवून त्याला परत पाठवतो. ते दोघे बाहेर येतात, वेटर जातो. एका शनिवारी सहा वेळा.

तो ओडिशाचा मुलगा, माझ्याकडे तीन वर्षं होता. पोरीच्या बारशाला मी पाळणा घेऊन दिला होता. समोर बसवून विचारलं तर त्याने लपवलं नाही. ‘‘सेठ, ते पाचशे द्यायचे. म्हणायचे, कुणी आलं तर सांग पाणी नाही.’’ आत काय चालतं ते माहीत होतं का? ‘‘मी आत बघत नव्हतो.’’ माझंच वाक्य तो मला ऐकवत होता. त्याचा पगार किती आणि एका रात्रीचे पाचशे किती, हा हिशोब मी त्याच्यासमोर नाही केला. पोलिसांना दिलेल्या जबाबात त्याचं नाव घालावं लागलं. त्यांनी त्याला बोलावलं, विचारलं, सोडलं. होळीला गावी गेला तो परत आला नाही. पाळण्याचे हप्ते संपले होते हीच काय ती समाधानाची गोष्ट, आणि ती कुणाच्या समाधानाची, कोण जाणे.

साध्या वेशातले पोलीस वर्षअखेरीच्या आठवड्यात आले. दोघे जण, सोडा मागवून बसले. साध्या वेशातही ते पोलीसच दिसत होते, दोन टेबलं त्यांना बघून बिल मागवून गेली. अकराच्या सुमारास त्यातला तरुण टॉयलेटकडे गेला आणि लगबगीने परत आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘शेठ, टाकीवर हे काय पसरलंय?’’

मी आत जाऊन बघितलं. झाकणावर पांढराशुभ्र थर, मध्ये कुणीतरी बोट फिरवल्यासारखी रेघ. पोटात गोळा आला. मग लक्षात आलं. नाशिकची डिसेंबरची रात्र, टॉयलेटची उघडी खिडकी, आणि सातला लावलेलं खोबरेल. गोठलं होतं.

त्याला पटेना. शेवटी मी बोटाने थोडं काढून हातावर चोळलं आणि ते वितळताना दाखवलं. त्याने वास घेतला. मोठ्या हवालदारांना बोलावलं, त्यांनीही वास घेतला. ते इतके हसले की त्यांचं साधं वेशांतर तिथेच संपलं. ‘‘नोंद काय करू,’’ ते म्हणाले, ‘‘पॅराशूट?’’

खोबरेल त्या रात्रीपासून बंद. जानेवारीत भिंत फोडून टाक्या आत घेतल्या, बाहेर फक्त बटण. खर्च टोचला.

त्या चौघांतले उरलेले तिघे मध्यंतरी एकदा आले, काही झालंच नाही अशा थाटात. मी स्वतः टेबलावर गेलो. खुर्ची ओढून बसलो, म्हणजे उभं राहून बोलल्यासारखं वाटू नये.

‘‘आजचं बिल माझ्याकडून. यापुढे इथे यायचं नाही.’’

‘‘का? प्रूफ आहे तुमच्याकडे?’’

‘‘नाही. प्रूफ असतं तर मी नसतो आलो, पोलीस आले असते.’’

एक जण भांडायच्या तयारीत होता. ॲम्ब्युलन्समध्ये चढलेला तो त्याला म्हणाला, ‘‘चल ना यार.’’ एव्हाना पॅसेजमध्ये मावशींसाठी मी एक टेबल मांडलं होतं. जाताना त्याने त्या टेबलावरचा कागद वाचल्याचं मी पाहिलं, वाचून पुढे काय केलं ते मला ठाऊक नाही. त्या कागदावर व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनचा 14446 आणि पुण्याच्या मुक्तांगणचं नाव आहे. लावायला मला आधी लाज वाटली होती. दारूच्या दुकानात व्यसनमुक्तीचा नंबर! बाबा म्हणाले, ‘‘लाव. आपल्या जुन्या गिऱ्हाइकांतले दोन जण तिथूनच सुधारून आले. धंदा बुडाला आपला, पण माणसं चांगली झाली.’’

मावशींचं टेबल हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लागू पडलेला उपाय. शुक्रवार-शनिवारी त्या संध्याकाळी येतात, पॅसेजमध्ये बसतात. टेबलावर टिश्यू, पॅड, बडीशेप. त्या कुणाला अडवत नाहीत, काही विचारत नाहीत. एका दारात दोघे शिरायला लागले की फक्त म्हणतात, ‘‘बाळा, एकेक जा, मागं रांग हाय.’’ रांग नसते. पण वयाने आईएवढ्या बाईने ‘बाळा’ म्हटल्यावर आत जाऊन पुडी सोडायचा उत्साह टिकत नसावा. पगार वाढवून घेतला त्यांनी, आणि तोही मला विचारून नाही, सांगून.

माल कुठून यायचा ते शेवटपर्यंत मला कळलं नाही. फेब्रुवारीत पलीकडच्या चौकात कुणाला तरी उचलल्याचं ऐकलं. त्याचा माझ्या अर्जाशी संबंध होता की नाही, हे मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शनिवारची गर्दी घटली आहे. पण रविवारी सकाळी रजिस्टर जुळतं, आणि चखण्याच्या वाट्या रिकाम्या परत येतात.

तक्रारवहीत सध्या एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: टॉयलेटमध्ये मोबाइल ठेवायला कुठेच जागा नाही. खरं आहे, एक इंचही सपाट जागा मी ठेवलेली नाही. मावशींना हे वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, ‘‘त्यात काय, माझ्याकडं द्या म्हणावं. मी धरते.’’